पोपट तरे यांचा बिल्ला आणि गाड्यांच्या खबरपत्रातली खोटी ओळ

प्रति,
मेहेरबान परवाने अंमलदार साहेब,
भाड्याच्या गाड्यांची कचेरी,
मुक्काम ठाणे.

अर्जदार: गोविंदा धर्मा भोईर, धंदा गाड्या रंगविण्याचा, राहणार मौजे बाळकुम, तालुके साष्टी, जिल्हा ठाणे.

विषय: बाळकुमचे टांगेवाले पोपट कान्हा तरे यांचा काढून घेतलेला बिल्ला परत मिळणेबाबत.

संदर्भ: (१) आपल्या कचेरीचा हुकूम, तारीख २१ मे १८९४. (२) अर्जदाराचे या आधीचे तीन अर्ज, ज्यांपैकी दोन परत आले व एकाचा पत्ता नाही.

महोदय,

१. आपल्या कचेरीने खोट्या कागदावर विश्वास ठेवून खऱ्या माणसाच्या गळ्यातला बिल्ला उतरवला. तो कागद खोटा आहे हे समजायला विद्या लागत नव्हती, कचेरीच्या अंगणात उतरून जप्त करून आणलेल्या चाकाला नख लावले असते तरी पुरले असते. आपण खुर्चीवरून उठला नाहीत. ही आपली चूक झाली आणि ती अर्जदार आपल्या तोंडावर सांगतो. परंतु तो खोटा कागद आकाशातून पडला नव्हता. तो अर्जदाराने लिहिला. म्हणून या अर्जात आपल्यावर दोन ओळी असतील तर अर्जदारावर वीस आहेत, आणि त्या त्याने स्वतःच्या हाताने लिहायच्या आहेत.

२. अर्जदार शाळेत गेलेला नाही. ठाण्यास फिलिपशेट यांचा गाड्यांचा कारखाना व दुकान आहे, तेथे तो अठरा वर्षे रंगारी होता. गाडी तयार झाली की मागच्या फळीवर धन्याचे नाव काढायचे, ते काम त्याचे. शेट कागदावर अक्षरे काढून देत आणि अर्जदार वेलबुट्टी उतरवावी तशी ती फळीवर उतरवी. कोणते अक्षर काय बोलते हे त्याला ठाऊक नव्हते. अशी चार-पाच वर्षे रंगवता रंगवता एके दिवशी रस्त्याने जाणाऱ्या गाडीवरचे नाव त्याला वाचता आले. तो त्या गाडीमागे मासळीबाजारापर्यंत चालत गेला. हे येथे सांगण्याचे कारण, लिहिता येण्याचा अर्जदाराला पुढे जो माज चढला तो कोठून आला हे हुजुरांना कळावे.

३. सदरहू दुकानाचे एक खबरपत्र निघते. दर महिन्यास शिळाप्रेसवर छापून ते ठाणे, कल्याण, डोंबिवली व आसपासच्या गावी ग्राहकांकडे जाते. धक्के झेलणाऱ्या नव्या लोखंडी कमानी आल्या, अमुक गृहस्थांनी शिग्राम नेला, तमुकांच्या दमणीला नवी गादी घातली, पावसाळ्यापूर्वी आस तपासून घ्यावा, असा त्यात मजकूर असतो. गेली सहा वर्षे तो अर्जदार लिहीत होता. बाळकुमात खबरपत्र आले की लोक लोहाराच्या छपरात जमत आणि अर्जदार वाचून दाखवी. पोपट तरे यांची बायको जया त्याच्यासाठी घोंगडी अंथरी. वाचून झाले की म्हातारे म्हणत, "परत एकदा ते कल्याणवाल्याचं वाच, ज्याची बग्गी दारातून आत जाईना." लोक हसत. अर्जदाराला ते फार गोड लागे.

४. माघ महिन्यातल्या खबरपत्रात अर्जदाराने लिहिले की, "येत्या पाडव्यास दोन नव्या कमानीच्या गाड्या दुकानी उभ्या राहतील, ज्यांनी पाहावयाच्या त्यांनी पाहून घ्याव्या." शेटनी एवढेच सांगितले होते की दोन गाड्या कामाला घातल्या आहेत. पाडव्याचा मुहूर्त अर्जदाराने पदरचा घातला, कारण वाक्य त्याशिवाय बसत नव्हते. झाले, लोक विचारायला येऊ लागले. छापून गेले म्हणजे शब्द गेला, असे फिलिपशेट मानतात. चाकांचे तुंबे, म्हणजे ज्यात आरे ठोकतात तो मधला लाकडी गड्डा, ज्या ओंडक्यातून काढायचे होते तो अजून ओला होता. तो एरवी आणखी एक उन्हाळा सावलीत पडून राहिला असता. एका ओळीसाठी तो तसाच लाकूड कातायच्या चरकावर चढला.

५. ओले लाकूड वाळताना फाटते. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात दोन तुंब्यांना भेगा गेल्या, प्रत्येक गाडीच्या डाव्या चाकाला एकेक. बोट शिरेल एवढ्या. अर्जदाराने शेटना दाखवल्या. शेट म्हणाले, "गोविंदा, तूच पाडवा छापलास, आता तूच भर त्या." राळ आणि लाकडाचा भुसा घोटून लांबी करतात, ती अर्जदाराने भेगांत दाबून भरली, वरून लाल रंगाचे तीन हात दिले आणि पिवळी रेघ ओढली. ती रेघ इतकी सुबक आली की त्याने स्वतः दोनदा वळून पाहिली. मग खबरपत्रात लिहिले, "तुंबे अस्सल सागवानी, एकसंध व निर्दोष."

६. त्यांतली एक गाडी पोपट तरे यांनी नेली. आपली जुनी गाडी आणि सासऱ्याची आंब्याची सात झाडे देऊन नेली. पोपट हा अर्जदाराच्या शेजारचा. घेण्यापूर्वी त्याने चाकावरून हात फिरवला आणि अर्जदाराकडे पाहून विचारले, "भाऊ, बरी हाय ना?" अर्जदार म्हणाला, "छापलंय तसंच हाय."

७. तारीख ३० एप्रिल रोजी, दिवसाढवळ्या, कोरड्या रस्त्यावर, ठाणे स्टेशनाहून कोलशेतकडे जाताना बाळकुमच्या अलीकडे डाव्या चाकाचा तुंबा भेगेवरच दुभंगला. आरे निखळले, चाक बसले, गाडी कलंडली. आत कोलशेतच्या गंगुबाई होत्या, वय साठीच्या पुढे. त्यांचा खांदा निखळला. घोडी उधळली असती तर म्हातारी फरफटत गेली असती, पण पोपटाने लगाम सोडला नाही, स्वतः तोंडावर पडून दोन्ही गुडघे सोलून घेतले आणि घोडी जागच्या जागी आवरली. गंगुबाईंची जबानी आपल्या कचेरीने घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "जोरात कसली हाकतो? मी चालत गेली असती तर आधी पोचली असती." कारकून हसले आणि ते वाक्य लिहून घेतले नाही. बाई चाकाच्या जाणकार नाहीत, असा शेरा मात्र लिहिला.

८. आता ज्यासाठी हा चौथा अर्ज आहे ते. अपघाताच्या चौथ्या दिवशी फिलिपशेट अर्जदाराच्या रंगाच्या डब्यांपाशी येऊन बसले. ते मनाने दुष्ट गृहस्थ नाहीत, घाबरलेले होते. म्हणाले, "अरे, डोंबिवलीपर्यंत बोभाटा झाला. तू चार ओळी लिव. तू लिवलास म्हंजे लोकांना पटते." अर्जदाराने नाही म्हणायला हवे होते. त्याला नोकरी जाण्याचे भय वाटले असे त्याने मागच्या अर्जात लिहिले होते, ते खरे नाही. शेट त्याला कधीच काढणार नव्हते. त्याला 'लोकांना पटते' हे ऐकून बरे वाटले, एवढेच. त्याने लिहिले: "बाळकुमच्या वाटेवर आमची एक गाडी कलंडली ती हाकणार पोपट तरे याच्या हयगयीने. गाडीत दोष नाही. हे सदर हाकणाराने स्वतः कबूल केले आहे." पोपटाने असे काही कबूल केलेले नव्हते. शेटनीही तसे सांगितले नव्हते. शेवटचे वाक्य अर्जदाराला लिहिता लिहिता सुचले.

९. खबरपत्र छापून आल्यावर पोपट ते मुंडाशात खोचून अर्जदाराच्या घरी आला. आपले नाव त्यात आहे असे त्याला कोणीतरी सांगितले होते. तो खूश होता. म्हणाला, "आमच्या घरान्यात कोनाचं नाव छापून नाय आलं. वाच बघू, हळू वाच." जया दारात उभी होती. अर्जदाराने कागद हाती घेतला आणि डोळे त्या ओळीवर ठेवून तोंडाने म्हटले, "बाळकुमचे पोपट तरे यांनी प्रसंगावधान राखून घोडी आवरली, म्हणून एका वृद्ध बाईचा जीव वाचला." पोपटाने परत वाचायला लावले. दुसऱ्या खेपेस अर्जदाराच्या तोंडून "शाबास त्यांची" असे जास्त निघाले. पोपट म्हणाला, "मगाशी हे नव्हतं." अर्जदार म्हणाला, "मगाशी घाईत वाचलं." पोपटाने कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाला, "मंग हे सायबाला दावतो. छापील हाय, नाय कसं म्हनेल?"

१०. त्या वेळी अर्जदाराला तोंड उघडता आले असते. दारापासून अंगणाच्या कुंपणापर्यंत पोपटाची वीस पावले होतात. अर्जदाराने ती ऐकली.

११. तारीख २१ मे रोजी आपल्या कचेरीत चौकशी झाली. अर्जदार ओसरीच्या खांबाआड उभा होता. पोपटाने मुंडाशातून खबरपत्र काढून दोन्ही हातांनी आपल्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "सायेब, मी काय बोलू, हे छापील हाय, हे वाचा." कारकुनाने मोठ्याने वाचले, होते तसे वाचले. आपण हसलात. कारकून म्हणाला, "अरे, स्वतःचीच कबुली घेऊन आलास?" पोपट म्हणाला, "नाय नाय, तुमचं वाचन चुकलं, परत वाचा." कारकुनाने परत वाचले, या खेपेस बोट ठेवून. तेव्हा पोपट आपल्याकडे पाहीना, कारकुनाकडे पाहीना, दाराकडे वळला आणि म्हणाला, "भायेर आमचा गोविंदाभाऊ हाय, त्याला बोलवा. तो नीट वाचतो." आपण शिपायाला हाक मारायला सांगितलेत. शिपाई ओसरीवर आला. अर्जदार तोवर पायऱ्या उतरून रस्त्याला लागला होता. मागून दोनदा नाव ऐकू आले.

१२. आपल्या हुकुमात लिहिले आहे की, "हाकणाराने आपल्या हयगयीचा छापील कबुलीजबाब स्वहस्ते हजर केला, सबब अधिक पुराव्याची जरुरी राहिली नाही." ज्याला स्वतःचे नाव ओळखता येत नाही त्याने आपला छापील कबुलीजबाब हौसेने कचेरीत आणून द्यावा, यात काही चमत्कारिक आहे असे आपल्या कोणाच्याच मनात आले नाही काय?

१३. दुसऱ्या दिवशी स्टेशनापाशी सगळ्या टांगेवाल्यांच्या देखत आपल्या शिपायाने पोपटाचा पितळी बिल्ला काढून घेतला. बिल्ला नाही तर भाडे नाही. तेव्हापासून पोपट दुसऱ्याच्या मिठाच्या गोणी वाहतो. रोज सकाळी तो घोडीला गाडीशिवाय, नुसत्या लगामाने, स्टेशनापर्यंत नेतो आणि परत आणतो. उभी राहिली तर तिचे पाय धरतील, म्हणतो. इतर टांगेवाले म्हणतात, "काय पोपटशेट, घोडीला हवा खायला आणली काय?" तो म्हणतो, "तिला रस्ता इसरू द्यायचा नाय." आणि कोणी खटल्याचे विचारले तर सांगतो, "कारकुनानं उलटं वाचलं. आमच्या गोविंदाभाऊनं नीट वाचलं होतं." हे तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत सांगत होता. अर्जदार समोर असतानाही सांगत होता, साक्ष काढल्यासारखा हात करून.

१४. अर्जदाराने पोपटाला न सांगता आपल्याकडे तीन अर्ज केले, कारण चोरून भरपाई करता येईल अशी त्याची समजूत होती. पहिला अर्ज परत आला की तिकीट नाही. दुसरा परत आला की छापील कागदाच्या विरुद्ध हाताने लिहिलेला कागद ग्राह्य नाही, छापून आणावा. अर्जदार प्रेसवर गेला. प्रेसवाला म्हणाला, दुकानाच्या खबरपत्राची दुरुस्ती दुकानाच्या चिठ्ठीशिवाय छापत नाही. दुकानाने चिठ्ठी दिली नाही. तेव्हा अर्जदाराने अंगणात पडलेले जप्त चाक तपासावे असे विचारले. उत्तर मिळाले की जप्त वस्तू पाहण्यास आरोपीचा अर्ज लागतो, आणि आता खटला मिटल्याने कोणी आरोपी राहिलेला नाही. ते चाक आपल्या कचेरीच्या पिंपळाखाली आहे. फुटलेल्या तुंब्यावर आपले शिपाई बसून तंबाखू मळतात. तिसऱ्या अर्जावर कारकून तोंडी म्हणाला, "तेव्हा खोटं लिहिलंस म्हणतोस, तर आता खरं कशावरून?" महोदय, एवढ्या महिन्यांत आपल्या कचेरीतून निघालेले हे पहिलेच शहाणपणाचे बोलणे. अर्जदाराच्या शब्दावर विश्वास ठेवू नये असेच अर्जदाराचेही म्हणणे आहे.

१५. गणपती झाल्यावर अर्जदाराने दुकान सोडले. गेल्या शुक्रवारी तो पोपटाच्या अंगणात गेला. पोपट घोडीच्या पायांना तेल चोळत होता. जयाने घोंगडी अंथरली. कचेरीने नक्कल करून पोपटाला परत दिलेले ते खबरपत्र अर्जदाराने उघडले आणि होते तसे वाचले. पोपटाचा हात चालूच होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "हे तू लिवलंस?" अर्जदार म्हणाला, "हो." "आनि मना वाचून दावलंस ते?" "ते मनातलं." पोपटाने दुसरा पाय धरला. मग म्हणाला, "मनातलं खरं होतं ना? घोडी मीच आवरली ना? मंग तेच का नाय लिवलंस? दोन्ही तुझ्याच तोंडात होतं." जया म्हणाली, "उठा भाऊजी, घोंगडी धुवायची हाय." अर्जदार उठला. कुंपणापाशी पोचल्यावर पोपटाने मागून सांगितले, "सायबाला लिव. सगळं लिव. पन मना तू वाचून दाऊ नको."

१६. त्यामुळे हा अर्ज पोपटाला बाळकुमच्या ॲडेलिन बाईंनी वाचून दाखवला आहे. त्या मिशनच्या शाळेत शिकवतात. त्या वाचत असताना अर्जदाराला अंगणाबाहेर उभे राहायला सांगितले होते, तसा तो राहिला.

१७. आणखी एक गोष्ट आहे. ती पोपटाच्या कामाची नाही, आपल्या कामाची आहे. या महिन्याचे खबरपत्र अर्जदाराने लिहिलेले नाही, पण त्याच्या जुन्या ओळी उचलून कोणीतरी लिहिले आहे. त्यात छापले आहे की, "भाड्याच्या गाड्यांची पारख ज्यांच्या हाती आहे त्या अंमलदार साहेबांनी स्वतःच्या स्वारीस आमचीच कमानीची गाडी पसंत केली." साहेब, ती पाडव्याची दुसरी गाडी आहे. तिच्या डाव्या तुंब्यात अर्जदाराने स्वतः लांबी भरली आहे. ही धमकी नव्हे. आपल्यावर अर्जदाराचा राग आहे, पण आपण पडावे अशी त्याची इच्छा नाही. बायकामुलांसह त्या गाडीत बसू नये. एकदा गप्प राहिल्याने गंगुबाईंचा खांदा गेला, त्यांना अजून डोक्यावर हंडा घेता येत नाही. दुसऱ्यांदा गप्प राहणे अर्जदाराला जमणार नाही.

१८. हे वाचून आपण आपले चाक आजच्या आज तपासाल हे अर्जदार जाणतो. त्याला तिकीट लागणार नाही, आरोपीचा अर्ज लागणार नाही, छापील कागदही लागणार नाही. आपण शिपायाला सुरी आणायला सांगाल, तो पिवळ्या रेघेखाली टोक घालील, आणि राळेचा भुगा खाली पडेल. तेव्हा अर्जदाराची विनंती एवढीच की, त्याच शिपायाने तीच सुरी घेऊन पिंपळाखाली जावे. दोन्ही ठिकाणी एकच रंग, एकच राळ, एकच हात आपल्याला सापडेल. मग अर्जदाराच्या शब्दाची गरज उरणार नाही.

१९. अर्जदाराला जी शिक्षा द्यायची ती द्यावी, ती तो घेईल. खोटा कागद करणे हा गुन्हा असेल तर हा अर्ज त्याचा कबुलीजबाब समजावा. हा मात्र खरोखरच स्वहस्ते हजर केलेला आहे.

२०. उत्तर पाहिजे. पंधरा दिवसांत पाहिजे, आणि ते अर्जदाराच्या नावे टपालाने नको. पोपट आता कोणाचाही कागद घरात घेत नाही, ॲडेलिन बाईंचाही नाही. हा अर्जही त्याने अंगणात उभा राहून ऐकला. तरी आपण किंवा आपला माणूस यांनी स्टेशनापाशी टांगेवाल्यांच्या उभ्या रांगेपुढे येऊन, हाती कागद न घेता, पोपट कान्हा तरे याच्याकडे पाहून तोंडाने सांगावे: त्या दिवशी बाळकुमच्या वाटेवर दोष कोणाचा होता? पोपटाचा होता की नव्हता?

नम्र म्हणवून घ्यायची लायकी गमावलेला,

गोविंदा धर्मा भोईर
(सही स्वतःच्या हाताची)
बाळकुम, तारीख ९ ऑक्टोबर १८९४

वरील मजकूर ऐकला. घोडी मी आवरली एवढे खरे आहे. बाकीचे ज्याचे त्याने सांगावे.
पोपट कान्हा तरे, निशाणी चाकाची.

मजकूर आहे तसा वाचून दाखविला, काही गाळले नाही, काही घातले नाही.
ॲडेलिन, शिक्षकीण, बाळकुम.

सोबत:
(१) पाडव्याच्या आधीचे खबरपत्र, 'निर्दोष' या शब्दाखाली रेघ ओढून.
(२) मे महिन्याचे खबरपत्र. मुंडाशातल्या घड्या त्यावर आहेत.
(३) अर्जदाराच्या घरी उरलेला राळ व भुशाचा गोळा, कागदात बांधून, ताडून पाहण्यासाठी.
(४) गंगुबाईंचे लिहून न घेतलेले वाक्य, त्यांच्या बांगडीच्या निशाणीसह.